जावयाच्या गाडीची बॅटरी

कूलरचं पातं एकदा गरकन फिरलं, भिंतीवरचा इन्व्हर्टर ओरडला आणि वर्षाच्या समोरचा पडदा काळा झाला. टेबलाखाली यूपीएसची डबी असते, तीही दोनदा कोकलून गप्प झाली. वर्षा माझी सून. तिचा हात माऊसवर होता तसाच राहिला. दारात माझी लेक सुरेखा उभी होती, कडेवर तिची पोरगी. कूलरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात तिनंच खोचली होती. माझा मुलगा दिलीप फरशीवर आडवा पडला होता, तो उठून बसला. गल्लीला लाईट देणारी डीपी आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यात जळालेली, लाईट कधी येणार याचा पत्ता नव्हता, आणि वर्षाच्या मशीनमधलं काम त्याच दिवशी संध्याकाळच्या आत वर्कशॉपवाल्याकडं पोचायचं होतं.

कूलरच्या गवतातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

यंदाही मे लागला आणि हे सगळं पुन्हा डोक्यात आलं. आमच्या वाळूजच्या बजाजनगरात मे महिन्याची एक रीत आहे. दुपार कलली की वैजापूरच्या बाजूनं आभाळ मातकट होतं, पत्रे वाजायला लागतात, दोरीवरचे कपडे दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडतात आणि लाईट जाते. पाऊस येईलच असं नाही. लाईट मात्र जातेच. साऱ्या गल्लीतून एकदम "गेली" असा आवाज उठतो. मग पंखे थांबतात आणि दुसऱ्यांची घरं ऐकू यायला लागतात. कोणाच्या ताटात चमचा पडतो, कोणाचं भांडण अर्ध्यावर उघडं पडतं, कोणाची म्हातारी खोकते. एरवी पंख्याच्या घरघरीत माणसं आपापली झाकून असतात.

लोक मला म्हणतात, लाईट गेली की तुम्हाला जुने दिवस आठवत असतील. आठवतात. चांगले नव्हते.

माझं माहेर वैजापूर तालुक्यातलं. लहानपणी घरात एकच कंदील. त्याची काच चुलीतल्या राखेनं पुसायचं काम माझ्याकडं, कारण माझा हात लहान, आतपर्यंत जायचा. रॉकेलचा वास बोटांना दुसऱ्या दिवशी भाकरी खातानाही यायचा. अंधार पडला की कंदील कुठं जाणार हे ठरलेलं असायचं. गाय विणार असली की गोठ्यात. शेंगा फोडायच्या असल्या की अंगणात. आई म्हणायची, "उजेड कामाला, तोंडाला नाय." मी पाटी घेऊन उजेडाकडं सरकले की चुलती विचारायची, पाटी म्हणजे काय काम आहे का? आणि माझ्यापुढं शेंगांचं सूप ढकलायची. चौथीनंतर शाळा सुटली. का सुटली ते सांगायला कोणी बसलं नाही.

त्या कंदिलावर मी पुढं पुष्कळ विचार केला. आईचं म्हणणं बरोबर होतं, उजेड कामालाच गेला पाहिजे. पण काम कशाला म्हणायचं हे ज्याच्या हातात, कंदील त्याचाच. हे कळायला मला म्हातारी व्हावं लागलं. कळलं तेव्हा माझ्या हातात कंदील नव्हता, इन्व्हर्टर होता.

तो इन्व्हर्टर आमच्या ह्यांच्यासाठी घेतलेला. सगळा जन्म कंपनीत रंगाच्या खात्यात काढला, शेवटी छातीत वारा मावेना. वाफेचं मशीन लावावं लागायचं आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. म्हणून घेतला. ते गेले, इन्व्हर्टर राहिला. मग त्याच्यावर पंखा आणि टीव्ही चालायला लागला. घरातली वस्तू कोणासाठी आणली होती हे घराला फार दिवस लक्षात राहत नाही.

वर्षा आयटीआय झालेली आहे. मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढते. वाळूजमध्ये बारीकसारीक वर्कशॉपं भरपूर आहेत, लोखंड कापण्याआधी त्यांना कागदावर सगळं लागतं, भोक कुठं, खाच कुठं, केसभर इकडं की तिकडं. लग्नाआधी ती ऑफिसात जाऊन हे करायची. इथं आल्यावर जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरी करायला लागली. काळ्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा. शेजारणी बघून म्हणतात, रांगोळीवाणी दिसते. मला तसं काही वाटत नाही. रांगोळी बिघडली तर पुसून दुसरी काढतो. हिची रेघ बिघडली तर कोणाचा तरी लोखंडाचा ठोकळा भंगारात जातो.

त्या उन्हाळ्यात दिलीपला कंपनीनं ब्रेक दिला होता. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की घरी बसवतात आणि मन झालं की परत बोलावतात, त्याला इथं ब्रेक म्हणतात. ब्रेकवरचा माणूस घरात असला की घर लहान होतं. दिलीप दिवसभर फरशीवर पडून असायचा आणि बोलायचा तेव्हा वाकडं बोलायचा. अशात वर्षाला एका नव्या वर्कशॉपवाल्यानं मोठं काम दिलं. देताना म्हणाला होता, घरून काम करणाऱ्या बायका शेवटच्या दिवशी लाईट गेली म्हणून सांगतात, मला ते ऐकायचं नाही. हे काम वेळेत गेलं तर पुढची सगळी ड्रॉइंगं हिला. नाही गेलं तर दिलीपनं ठरवून टाकलं होतं, कॉम्प्युटर विकायचा आणि वर्षानं कंपनीत पॅकिंगला लागायचं, शिफ्टमध्ये. वर्षा त्यावर काही बोलली नव्हती. तिचं न बोलणं मला ओळखता येतं. मीही माझ्या काळात तसंच न बोलता पुष्कळ काही गमावलंय.

इन्व्हर्टरची बॅटरी तोवर म्हातारी झाली होती. पंखा, टीव्ही, कॉम्प्युटर सगळं लावलं तर लगेच मान टाकायची. एकटा कॉम्प्युटर असला तर दुपार निभवायची. मी दिलीपच्या हातात पक्कड दिली आणि पंख्याची अन् टीव्हीची वायर इन्व्हर्टरवरून काढायला सांगितली.

"मॅच हाय आई आज," तो म्हणाला.

"दोन्ही टीमा तुझ्यावाचून खेळतील."

त्यानं वायर काढली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरं झालं, तेवढंच कानाला गार.

आणि अशा वेळी सुरेखा माहेरपणाला आली. तिला वैजापूरला दिलीय. एकत्र घर, मोठा बारदाना, सकाळी चुलीपुढं बसली की उठेपर्यंत दुपार. वर्षातून एकदा ती इथं येते ती पाय पसरून पंख्याखाली पडायला, तिचं काही चुकलं नाही. माहेरवाशिणीनं पाणीसुद्धा हातानं घेऊ नये अशी आमच्याकडची रीत. आली तेव्हा लाईट गेलेलीच. खोलीभर गरम वास, पंखा मेलेला, आणि कोपऱ्यात वर्षा मशीनपुढं बसलेली, मशीन मात्र चालू. सुरेखानं वर पंख्याकडं बघितलं, मग इन्व्हर्टरकडं, मग माझ्याकडं.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सुनेच्या डब्याला लाईट, अन् पोटच्या पोरीला घाम."

ती ओळ तिनं मग सारखी वापरली. शेजारणीला ऐकवली, फोनवर चुलतबहिणीला ऐकवली, पोरीला झोपवताना अंगाईवाणी म्हटली. गच्चीवर झोपायला गेलो तिथंही ती ओळ आमच्याबरोबर आली. पोरीला घामोळं आलं होतं. मी तिला प्लास्टिकच्या टबात पाणी घालून बसवायची, ती त्यात हात आपटत बसायची. सगळ्या घरात सुखी ती एकटीच.

मी कठोर आहे असं सुरेखा म्हणते. असेन. पण मला एक सांगा, घरातल्या पोरीच्या अंगाला वारा मिळावा म्हणून दुसऱ्याच्या पोरीचा हात थांबवायचा, ही माया कोणती? लेक आणि सून यांच्यात मला निवड करायची नव्हतीच. मला घाम आणि काम यांच्यात करायची होती. घाम पुसला की जातो.

तर डीपी जळाली, लाईट आदल्या संध्याकाळपासून नव्हती, आणि दुपारी पोर रडायला लागली म्हणून मी टबासाठी पाणी भरून आत येते तोच सुरेखानं कूलर लावला. म्हाताऱ्या बॅटरीवर कूलरची मोटर. बसली. यूपीएसचंही आतून केव्हाच संपलेलं होतं, आम्हाला ते त्या दिवशी कळलं. वर्षानं जेवायला उठण्याआधी सेव्ह केलं होतं, त्यानंतरचं सगळं गेलं. दिलीपनं इन्व्हर्टरचं बटण दाबून बघितलं, तांबडा दिवा लागला आणि विझला.

मग दिलीप म्हणाला ते मला अजून आवडलेलं नाही. म्हणाला, "फोन लाव अन् सांग त्याला, लाईट नव्हती. समद्यांला म्हाईत असतं."

वर्षानं फोन उचलला. खरंच उचलला. आम्हा लोकांची ही सवयच आहे. लाईट नव्हती, पाणी नव्हतं, बस आली नाही. कारणं सगळी खरी असतात आणि खरी असतात म्हणून आपण त्यांच्या सावलीत बसून राहतो. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि फडताळात ठेवला.

सुरेखाच्या हातात तोवर स्वतःचा फोन होता. नवऱ्याला सांगत होती, मला आत्ता न्यायला या, या घरात माझ्या पोरीला जागा नाही. अंकुशराव, म्हणजे आमचे जावई, त्या दिवशी नेमके इकडंच होते. त्यांची पिकअप आहे, वैजापूरहून कांदा भरून ते शहरात आणतात. माल उतरवून गाडी रिकामी करून ते तासाभरात दारात आले. अंगावर कांद्याची टरफलं, डोळे लाल.

आता जावई दारात आल्यावर काय करायचं हे आमच्याकडं कोणाला शिकवावं लागत नाही. हातपाय धुवायला पाणी, पंचा, पंख्याखाली खुर्ची, आधी चहा, मग शिरा. धोंड्याच्या महिन्यात वाण द्यायचं, टोपी-टॉवेल द्यायचा. सासरी त्याला सगळं द्यायचं असतं. त्याच्याकडं मागायचं काही नसतं, खिशातली काडेपेटीसुद्धा. मी पाणी दिलं. पंखा नव्हताच. तेवढ्यात दिलीप खिडकीतून पिकअपकडं बघत हळूच म्हणाला, "गाडीची बॅटरी बी बारा व्होल्टचीच असती. इन्व्हर्टरला लागंल." आणि लगेच म्हणाला, "पण दाजीला कोण मागणार?"

मी बाहेर गेले. जावई पायरीवर बसून तोंड पुसत होते.

"अंकुशराव, गाडीची बॅटरी काढा."

त्यांचा पंचा गालावरच राहिला. "कामून, मामी?"

मी सांगितलं. काय काम आहे, कोणाचं आहे, नाही गेलं तर काय होईल, सगळं दारातच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. दिलीपचा चेहरा पडला. पडू दे. सुरेखा पिशवी भरून आतून आली होती, ती माझ्यापुढं उभी राहिली.

"लाज हाय का गं आई? मला न्यायला आलेत ते. अन् मी जायचं कशात?"

"वर्षाचं झालं की जा. गाडी दारातच हाय, तिला काय पाय फुटत नाय."

जावई हसले नाहीत. त्यांनी त्यांची अडचण सांगितली, ती रास्त होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कांदा भरायचा होता, आणि बॅटरी उतरली तर गाडी चालू होणार नाही. मी म्हटलं, धक्का मारू. म्हणाले, कोण मारणार? मी म्हटलं, सगळी गल्ली मारील, नाही तर मी एकटी मारीन. त्यावरही ते विचारच करत होते. तेव्हा वर्षा उंबऱ्यापाशी आली. जावयापुढं ती कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती.

"दाजी, रेघा सगळ्या डोक्यात हायेत," ती म्हणाली. "पुन्हा काढायला येळ लागायचा नाय. तेवढी लाईट द्या."

अंकुशरावांनी सीटखालून पाना काढला.

जावयानं आणि दिलीपनं मिळून बॅटरी उचलून आत आणली. दिलीपनं जुनीच्या वायरी सोडून हिला लावल्या. जावयाचा शर्ट ग्रीसनं माखला. पलीकडच्या घरात शमीम शिवणकाम करते, तिनं भिंतीवरून हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "क्या अम्मा, जमाई की गाडीच खोल डाले?" मी म्हटलं, खोल डाले, आता तू त्याला गार पाणी पाज. तिनं माठातलं पाणी आणून दिलं, वर जावयाला सांगितलं की या घरात परत येताना सायकलवर या.

इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला. पडदा उजळला. वर्षा बसली.

ती दुपार मला नीट आठवते. दार उघडं, वारा नाही, पत्रा तापून टकटक करत होता. वर्षाच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत जायचा आणि ती तो पुसत नव्हती. माऊसचा टिकटिक आवाज, मध्येच थांबायचा, पुन्हा टिकटिक. जावई पायरीवर, दिलीप इन्व्हर्टरखाली, त्या दिव्याकडं बघत, जणू नजरेनं तो धरून ठेवणार होता. सुरेखा आमच्या सगळ्यांकडं पाठ करून पोरीला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तोंडानं ती ओळ चालूच. पण मध्येच उठली, लिंबू पिळून सरबत केलं, पहिला पेला जावयाला दिला आणि दुसरा वर्षाच्या टेबलावर आपटून ठेवला. थोडं सांडलं. वर्षानं डाव्या हातानं पेला उचलला आणि उजव्या हातानं काम चालू ठेवलं.

रस्त्यापलीकडं कंपनीची शेड आहे. लाईट गेली की तिथला जनरेटर डरकाळी फोडतो आणि शेडचे दिवे डोळ्याची पापणीही न हलवता चालू राहतात. आमचे हे तीस-पस्तीस वर्षं असल्याच एका शेडमध्ये राबले आणि घरी येऊन अंधारात जेवले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मशीन थांबता कामा नये, हे सगळ्यांनाच पटलेलं असतं, मशीन कंपनीचं असलं की. घरातल्या बाईचं मशीन थांबलं तर जेवायची वेळ झाली म्हणून थांबलं असं समजतात. त्या दिवशी ती डरकाळी ऐकत मी उंबऱ्यात बसले होते आणि मला वाटलं, ओरड किती ओरडायचं ते. आमचंही चालू आहे.

उन्हं उतरली. वर्षानं दिलीपचा मोबाईल मशीनला जोडला आणि त्याच्या नेटवरून ड्रॉइंगं पाठवायला लावली. पडद्यावर एक निळी पट्टी पुढं सरकत होती, मध्येच अडत होती. इन्व्हर्टर पिकपिक करायला लागला, म्हणजे ही बॅटरीही बसत आली होती. पट्टी भरली. वर्षा म्हणाली, "आत्या, पोचलं." सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात. मी म्हटलं, बरं. मग मी तिचा फोन फडताळातून काढून दिला.

बॅटरी परत गाडीत बसवली, पण गाडी अर्थातच चालू झाली नाही. मग धक्का. दिलीप, शमीमचा नवरा, गल्लीतले आणखी पाच-सहा जण आणि मी. मला सगळे बाजूला हो म्हणत होते, मी झाले नाही, पदर खोचला आणि गाडीच्या मागच्या फळकुटाला हात लावला. सुरेखा पोरीला घेऊन पुढं केबिनमध्ये बसली होती, समोर बघत. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली तेव्हा खोकली, धुराचा लोट आमच्या तोंडावर सोडला आणि निघाली. सुरेखानं मागं वळून बघितलं नाही.

वर्कशॉपवाल्यानं लाईट होती का नव्हती काहीच विचारलं नाही. शाबासकीही दिली नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं काम पाठवलं आणि तेव्हापासून पाठवतोच आहे. दिलीपला पावसाळ्यानंतर कंपनीनं परत बोलावलं, पुन्हा ब्रेक दिला, पुन्हा बोलावलं. कॉम्प्युटर विकायचं नाव त्यानं परत काढलं नाही. नवी बॅटरी वर्षानं तिच्या कमाईतून आणली, यूपीएसही. आता लाईट गेली तर पंखाही चालतो. पण दिवा तांबडा झाला की आधी पंखा बंद होतो, ते बटण मी बंद करते, आणि त्यावर या घरात चर्चा होत नाही.

सुरेखा दर वर्षी येते. लग्नकार्यात चार बायका जमल्या की सांगते, आमच्या आईनं जावयाची गाडी दारात लुटली. बायका माझ्याकडं बघतात. मी नाही म्हणत नाही. अंकुशराव मात्र आमच्या गल्लीत आले की गाडी कोपऱ्यावरच लावतात आणि चालत येतात.

मला विचाराल तर तसंच पुन्हा करीन. व्याह्याची गाडी असती तरी केलं असतं.

त्या दिवशी त्या घरात मी होते, दिलीप होता, वर्षा, सुरेखा, तिची पोरगी आणि जावई. पंख्यावाचून कोणी मेलं नाही.